नियमाप्रमाणे मी खांब

“तुम्ही माणसं नाही. तुम्ही खांब आहात,” आमचे खेळाचे खैरनार सर म्हणाले. “खांब हलतो का?”

“नाही सर!” आम्ही सगळी पोरं एका सुरात ओरडलो.

“खांब घाबरतो का?”

“नाही सर!”

सगळ्यात मोठ्याने मी ओरडले, कारण सगळ्यात जास्त मीच घाबरले होते.

सर मनचं सांगत नव्हते हं. टेनिसच्या नियमांत खरंच तसं आहे. नेटचे खांब, अंपायरची खुर्ची, मागची भिंत आणि आपापल्या जागी उभी असलेली बॉल उचलणारी मुलं, या सगळ्यांची किंमत एकच. आम्ही म्हणजे कोर्टावरचं सामान! बॉल टप्पा पडायच्या आधी सरळ येऊन आम्हाला लागला, तर तो खुर्चीला लागल्यासारखाच. मारणारीचा पॉइंट गेला, विषय संपला.

“पण एक लक्षात ठेवा,” सरांनी बोट वर केलं. “जागेवर असाल तरच खांब. जागा सोडली की तुम्ही अडथळा. आणि अडथळ्याला मी फायनलमध्ये ठेवत नाही. त्याने बाहेर बसून टॉवेलच्या घड्या घालायच्या.”

आता मी दहावीत आहे. शाळेत काहीही कार्यक्रम असला की माईक माझ्या हातात असतो, आणि तो परत मिळवायला बाईंना जरा धडपड करावी लागते. तेव्हा सातवीत होते. नाशिकला नवा इनडोअर हॉल झाला आणि त्यात पहिल्यांदाच व्यावसायिक महिला खेळाडूंची स्पर्धा भरली. बॉल गर्ल म्हणून आमच्या शाळेतून पोरी निवडल्या, त्या पळण्यावरून आणि फेकण्यावरून. त्या दोन्हींत मी पहिली आले. तोंडावर बॉल आला तर काय करतेस, हे कोणी तपासलंच नाही.

तपासलं असतं तर कळलं असतं. त्याच वर्षी गणपतीच्या सुट्टीत क्लबच्या मैदानावर एका दादाचा बॉल माझ्या उजव्या डोळ्यावर बसला होता. डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, नशीब. पट्टी निघाली, सूज उतरली, पण एक गोष्ट राहून गेली. काहीही माझ्या दिशेने जोरात आलं, की माझे डोळे आपोआप गच्च मिटायचे आणि पाय कुठेतरी पळायचे. कुठे, ते मलाही नंतर कळायचं. एकदा वर्गात खडू आला तर मी थेट बाईंच्या टेबलाखाली सापडले होते. वर्गाने तेव्हापासून माझं नाव ‘पट्टी’ ठेवलं.

ते नाव पुसायचं होतं मला. म्हणून आले होते मी. पांढरी टोपी, निळा टी-शर्ट, आणि फायनलचं कोर्ट.

आईने परवानगी दिली, पण अट घालून. “बॉल आला की खाली बसायचं. लाज वाटून घ्यायची नाही. सरळ खाली बसायचं.”

आणि सरांची अट होती, हलायचं नाही.

“मग मी काय करू?” मी अलमासला विचारलं. अलमास शेख माझ्या बाकावरची, माझ्यासारखीच निवडलेली, आणि टोळीत माझ्या पायांचं गुपित माहीत असलेली एकटीच.

“बॉल येऊच नये अशी दुआ कर,” ती म्हणाली. “मी पण करते. दोघींची लागेल.”

*

फायनल होती शलाका पिंगळे आणि लेंका यांच्यात. शलाकाताई आमच्याच नाशिकच्या. त्यामुळे हॉल खच्चून भरला होता. लेंका चेक देशातली. तिचं आडनाव आमच्यापैकी कोणालाच म्हणता येईना, म्हणून अलमासने तिचं नाव विजेचा खांब ठेवलं होतं. एवढी उंच! तिचा फटका बसला की छताच्या पत्र्यावर त्याचा आवाज आपटून पुन्हा खाली यायचा. म्हणजे प्रत्येक बॉल दोनदा घाबरवायचा.

बंद हॉलमध्ये ऊन नसतं, वारा नसतो, बाहेरच्या गाड्या नसतात. नुसते पांढरेशुभ्र दिवे, काळे पडदे आणि तो आवाज. मी पडद्याला पाठ लावून कोपऱ्यात उभी होते. पडदा थंड होता.

“शलाकाची सर्व्हिस वर्षभर बिघडलीय,” मॅच सुरू व्हायच्या आधी सर आम्हाला हळूच सांगत होते. “बॉल वर टाकते आणि मारतच नाही, परत झेलते. घरच्या लोकांसमोर आज नाही जमलं, तर रॅकेट ठेवून देणार म्हणते. तेव्हा पोरांनो, आपल्यामुळे तिला काही त्रास होता कामा नये.”

आपल्यामुळे, असं म्हणताना त्यांनी का कोण जाणे माझ्याकडे पाहिलं.

पहिल्या सेटमध्ये मला ते दिसलं. शलाकाताई बॉल वर टाकायची, हात मागे जायचा, आणि मग मध्येच काहीतरी अडायचं. बॉल परत हातात. “सॉरी,” ती लेंकाला म्हणायची. पुन्हा टाकायची. पुन्हा झेलायची. “सॉरी.” लोक चुळबुळ करायला लागले. वरून कोणीतरी ओरडलं, “अहो ताई, मारा की एकदाचा!” काही जण हसले. अंपायर बाईंनी खुर्चीवरून “शांतता राखा” म्हटलं.

शलाकाताईचा चेहरा दगडासारखा होता. मला वाटलं, केवढी चिडलीय ही!

सेट हातातून जायच्या बेताला होता, तेव्हा ते घडलं. ती माझ्या बाजूला होती. तिने असा काही पॉइंट खेळला, की लेंकाला या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं. शेवटी लेंकाने कसाबसा रॅकेटचा काठ लावून बॉल नुसता उंच उडवला. वर, वर, पार दिव्यांपर्यंत. शलाकाताई तो मारायला मागे धावत आली. सोपा होता. एक फटका, की पॉइंट तिचा.

मला मात्र दिव्यातून खाली येणारा बॉल दिसला, आणि माझ्याकडे धडधडत येणारे बूट ऐकू आले.

डोळे मिटले. पाय पळाले.

उघडून बघते, तर मी बरोबर तिच्या वाटेत उभी. तिची रॅकेट माझ्या टोपीपासून एवढ्याशा अंतरावर थांबलेली. तिचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. बॉल शांतपणे टप्पे खात पडद्याकडे चाललेला.

“लेट,” अंपायर बाई म्हणाल्या. “अडथळा. पॉइंट पुन्हा खेळा.”

अडथळा! अख्ख्या हॉलमध्ये माईकवरून!

पॉइंट पुन्हा झाला. शलाकाताईने बॉल वर टाकला, झेलला, टाकला, मारला, नेटमध्ये. दुसरी सर्व्हिस बाहेर. पॉइंट गेला. त्याच गेममध्ये सेटही गेला.

मी पडद्याला परत पाठ लावली. प्रेक्षकांत आई होती, अंगावर शाल, मांडीवर पाण्याची बाटली. ती मला हाताने खूण करत होती, खाली बस, खाली बस.

*

प्रत्येक सेटनंतर आमची टोळी बदलायची. आम्ही बाहेर, दुसरे आत. एवढा आनंद मला वार्षिक परीक्षा संपल्यावरही झालेला नाही. मी पडद्यामागे पोचलेसुद्धा. टॉवेलच्या ढिगाऱ्याकडे प्रेमाने पाहिलं.

तेवढ्यात खैरनार सर आले. चेहरा विचित्र.

“केतकी. परत जा आत.”

“सर?”

“शलाका अंपायरला म्हणाली, ती कोपऱ्यातली मुलगी बदलू नका. आणि मी बाजू बदलली की तिलाही माझ्या बाजूला पाठवा.”

“का सर?”

“मला काय माहीत का! पंचवीस वर्षं शाळेत शिट्ट्या मारतोय, असलं काही कोणी मागितलं नाही. अंपायरने विचारलं, लेंकाची हरकत आहे का. ती नाही म्हणाली. नियमात कुठे मनाई नाही. जा.”

“सर, पण माझ्यामुळे मघाशी…”

“तेच,” सर म्हणाले. मग आवाज खाली आणला. “केतकी, पुन्हा जागा सोडलीस तर मी मधेच बोलावून घेईन. सगळ्यांसमोर. मला तसं करायला लावू नकोस.”

अलमासला माझ्यासोबत परत पाठवलं, कारण मी बाजू बदलणार म्हणजे समोरच्या कोपऱ्यातलीने उलट्या बाजूला जायला हवं.

“सूड आहे हा,” अलमास माझ्या कानात म्हणाली. “सरळ सूड. ती पुढून बाजूला होणार आणि विजेच्या खांबाचे सगळे बॉल तुझ्या तोंडावर.”

“गप ना गं.”

“मी आपलं सावध केलं.”

आत आले तर शलाकाताई खुर्चीवर बसून माझ्याकडेच बघत होती. हसली नाही. मान हलवली नाही. नुसती बघत होती.

*

बॉल द्यायची एक पद्धत असते. खेळाडूने तुमच्याकडे वळून रॅकेट पुढे केली, की तुम्ही हात सरळ वर करायचा, कोपर न वाकवता, तळवा उघडा, बॉल तिला दिसेल असा. तिने मान हलवली की एक टप्पा टाकून बॉल द्यायचा. बाकी काही नाही. बोलायचं नाही, हसायचं नाही.

सोपं आहे? हात थरथरत असेल तर करून बघा! खाली असताना हात पाठीमागे लपवता येतो. वर गेला की अख्ख्या हॉलचा. माझा हात असा हलत होता, की मला वाटलं बॉल आपोआप निसटून पडेल. मी डावा हात कोपराला लावून बघितला. पडद्याच्या फटीतून सरांचा आवाज आला, “एकच हात!”

आणि शलाकाताई लगेच बॉल घेतच नसे. माझ्याकडे वळायची, रॅकेट पुढे करायची, आणि मग थांबायची. माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. हाताकडे बघायची. बघतच राहायची. मला वाटायचं, बघतेय, किती घाबरली ते मोजतेय. मग मान हलवायची. मी बॉल द्यायची. ती जायची.

दुसऱ्या कोपऱ्यात देवळाली कॅम्पची एक मुलगी होती. तिचा हात कसा झेंड्याच्या काठीसारखा ताठ! पण शलाकाताई तिच्याकडे वळायचीच नाही. दर वेळी मी. तिच्याकडचे बॉलसुद्धा माझ्याकडे पाठवायला लावायची.

बाजू बदलली की मी चालत पलीकडे. अलमास चालत अलीकडे. मध्ये नेटजवळ आम्ही एकमेकींना ओलांडायचो.

“जिवंत आहेस?” ती ओठ न हलवता विचारायची.

“नाही.”

खांबाला असं चालायला लावलेलं आमच्या सरांनीही कधी पाहिलं नसेल.

लेंका जोरात मारतच होती. बॉल बाहेर गेला की पडद्यावर धप्प आवाज यायचा आणि पडदा माझ्या पाठीला लाटेसारखा लागायचा. एकदा डाव्या कानाजवळून गेला. माझे डोळे मिटले. पाय निघाले. पण मी टाचा पडद्याच्या खालच्या लाकडी पट्टीला अशा दाबून धरल्या होत्या, की निघून निघून ते जागच्या जागीच राहिले. उघडून पाहिलं. मी कोपऱ्यातच होते. आई वर उभी राहिली होती, शाल खाली पडली होती.

दुसरा सेट शलाकाताईने घेतला. कसा, ते मला नीट सांगता येणार नाही. माझं लक्ष टाचांकडे होतं. एवढंच आठवतं, की हॉलमधला आवाज वाढत गेला आणि तिचं ते “सॉरी” कमी होत गेलं.

तिसऱ्या सेटला वाटलं, आता तरी सोडेल मला. नाही सोडलं.

*

शेवटचा गेम. सर्व्हिस शलाकाताईची, माझ्या बाजूने. एक पॉइंट, की स्पर्धा तिची.

हॉल एकदम गप्प झाला. एवढे लोक, आणि वरच्या दिव्यांचा बारीक गुणगुणाट ऐकू येत होता.

तिने बॉल वर टाकला. झेलला.

“सॉरी.”

टाकला. हात मागे गेला. झेलला. आता “सॉरी”सुद्धा निघालं नाही. वरून कोणी ओरडलं नाही, हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

आणि मग ती वळली. हातातला बॉल तिने माझ्याकडे टाकला. मी घेतला. माझ्या मनात आलं, बॉलमध्ये काही खोट आहे का? मी काही चुकीचं दिलं का? आता सांगणार अंपायरला, हिला हाकला. पण तिने रॅकेट पुढे केली. तोच बॉल परत मागत होती.

मी हात वर केला.

तो इतका हलत होता की मला स्वतःला दिसत होता. मनगट, बोटं, सगळं. मला तो खाली घ्यायचा होता. टॉवेलच्या ढिगाऱ्यात तोंड खुपसून रडायचं होतं. पण खेळाडूने मान हलवल्याशिवाय हात खाली घ्यायचा नाही, हा नियम. आणि ती मान हलवेना. बघत राहिली. किती वेळ, देव जाणे.

मग हलवली. मी बॉल दिला. हात पाठीमागे घेतला. टाचा दाबल्या.

तिने बॉल वर टाकला, आणि मारला.

लेंकाने जीव काढून परत मारला. मी तो निघताना पाहिला. तो सरळ माझ्या कोपऱ्याकडे निघाला होता. शलाकाताई आडवी धावली, रॅकेट मागे नेली, आणि शेवटच्या क्षणी बाजूला झाली. तिला कळलं होतं, हा बाहेर चाललाय. तिने सोडून दिला.

म्हणजे आता तिच्या जागी मी होते.

खाली बस, आई म्हणाली होती. हलायचं नाही, सर म्हणाले होते. दोन्ही आवाज एकदम आले आणि एकदमच बंद झाले. मला बॉलवरची पांढरी वळणदार रेघ दिसली. त्याची पिवळी लव दिसली, मॅटवर घासून पिंजारलेली. तो मोठा होत गेला.

धप्प.

गळ्याखालच्या हाडावर. श्वास गेला. पडद्यावर आदळले मी, पण पाय तिथेच होते.

“आउट!” अंपायर बाई म्हणाल्या, आणि पुढचं काही ऐकूच आलं नाही, एवढा हॉल फुटला.

मग माझ्या लक्षात आलं, मला त्या बॉलवरची रेघ दिसली होती. म्हणजे डोळे उघडे होते.

*

आई पायऱ्या कशी उतरली, तिलाच माहीत. पडद्यामागे माझं तोंड दोन्ही हातांत धरून तिने आधी उजवा डोळा पाहिला, मग डावा, मग पुन्हा उजवा.

“डोळ्याला नाही लागलं, आई. इथे लागलंय.”

“खाली बस म्हटलं होतं ना मी?”

“खांब खाली बसत नाही गं.”

“कोण खांब?”

सर बर्फाची पिशवी घेऊन आले. माझी टोपी सरळ केली आणि गेले. तिकडे बक्षिसं, टाळ्या, फोटो चालले होते. मी, आई आणि अलमास टॉवेलच्या ढिगाऱ्यावर बसलो होतो. तेवढ्यात पडदा बाजूला करून शलाकाताई आत आली. गळ्यात हार, काखेत कप. मी ताडकन उठले. मला वाटलं, आता.

“ताई, सॉरी,” मी एका दमात म्हटलं. “पहिल्या सेटला मी मध्ये आले, मुद्दाम नाही आले, मला बॉलची भीती वाटते, म्हणजे डोळे मिटतात आणि…”

“माहितेय,” ती म्हणाली.

“कसं माहितेय?”

“तू वाटेत आलीस ना, तेव्हा तुझं तोंड पाहिलं मी. म्हटलं, चला, या हॉलमध्ये माझ्याएवढं घाबरलेलं आणखी कोणीतरी आहे.”

अलमासने माझ्याकडे पाहिलं. मी अलमासकडे.

“तुम्ही घाबरला होता?” मी विचारलं. “आम्हाला वाटलं तुम्ही चिडलाय. ही म्हणत होती सूड घेताय.”

“मी कधी म्हटलं!” अलमास म्हणाली.

शलाकाताई खो खो हसली. दिवसभरात पहिल्यांदा. मग मला परत ढिगाऱ्यावर बसवून माझ्यासमोर उकिडवी बसली.

“बॉल वर टाकायला गेलं की माझा हात हलायला लागतो. वर्षभर. मला वाटायचं, हात हलतोय म्हणजे संपलं, आता नाही जमणार. म्हणून झेलून टाकायचे. आणि इथे मागे वळून बघते, तर तुझा हात. माझ्यापेक्षा जास्त हलतोय.” ती थांबली. “हलतोय, पण खाली येत नाहीये. मी मान हलवेपर्यंत वरच. मी म्हटलं, असंही चालतं तर.”

आता असते तर पाच मिनिटं बोलले असते. तेव्हा नुसती “हं” म्हणाले.

“दाखव बघू,” ती म्हणाली आणि स्वतःचा हात पुढे केला. तिची बोटं अजून थरथरत होती. मी माझा हात तिच्या शेजारी धरला. दोन्ही हवेत, सरळ, तळवे उघडे.

अलमास डोळे बारीक करून जवळ आली. एकदा हा हात पाहिला, एकदा तो.

“ताई,” ती अंपायर बाईंच्या आवाजात म्हणाली, “तुमचा जास्त हलतोय.”

“खरंच?”

“खरंच. हिचा थांबत आलाय.”

शलाकाताईने काखेतला कप काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

“मग धर,” ती म्हणाली. “फोटोसाठी बोलवायला येतील, तोवर तुझा.”